थांबण्याचे मोल

डोंगरांच्या ओंजळीत वसलेल्या एका गावात एकदा एक तरुण छायाचित्रकार राहत होता. सौमित्र त्याचे नाव. त्याचा हात चांगला होता, नजर त्याहूनही चांगली होती, परंतु "किती घेणार?" असे कोणी विचारले की त्याची मान आपोआप खाली जाई. पैसे मागणे म्हणजे काहीतरी हलके कृत्य करणे, अशी त्याची मनोमन समजूत झाली होती.

त्या गावाच्या मध्यभागी एक मोठे तळे होते. पहाटे त्या तळ्यावरून धुके उठे आणि हळूहळू सगळ्या गल्ल्यांत शिरे. मग देवळाचा कळस, शाळेची कौले, नारळांचे शेंडे एवढेच वर तरंगताना दिसत. धुके असेपर्यंत लोकही नकळत हलक्या आवाजात बोलत. कोणी मोठ्याने हाक मारली तर ते स्वप्न मोडेल, असे जणू सगळ्यांनाच वाटे.

तळ्याकाठच्या एका बैठ्या घरात विष्णुपंत राहत. एके काळी गावातला एकमेव स्टुडिओ त्यांचा होता. तो बंद करून त्यांना पुष्कळ वर्षे झाली होती. सौमित्र शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसे, आणि बसता बसताच त्यांचा शिष्य झाला. पंतांची शिकवण्याची रीत निराळी होती. ते म्हणत, "आधी बघ. बघून झालं की आणखी थोडं बघ. मग कॅमेरा काढ." हिवाळाभर त्यांनी त्याला नुसते पाण्याकडे बघायला लावले होते. त्या हिवाळ्यात सौमित्रला कळले की प्रकाश एकदम येत नाही. तो आधी पाण्याला स्पर्श करतो, मग झाडांना आणि सर्वांत शेवटी माणसांच्या चेहऱ्यांना.

शिकून झाल्यावर सौमित्रने स्वतंत्रपणे काम सुरू केले. कोणी दर विचारला की तो म्हणे, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." लोकांना योग्य वाटे ते फारच थोडे असे. मग त्याने एक दर ठरवला. गावातले इतर छायाचित्रकार जेवढे घेत त्याच्या निम्म्याहूनही तो कमी होता.

एकदा पंतांनी सहज विचारले, "दर कसा ठरवलास रे?"

"समोरचा नको म्हणणार नाही, एवढा ठेवलाय."

पंत हसले आणि तळ्याकडे बघत राहिले. सौमित्रला वाटले, आपल्या नम्रतेचे त्यांना कौतुक वाटले असावे.

कामे पुष्कळ येऊ लागली. एवढ्या कमी दरात महिना निभावायचा तर पुष्कळ कामे घेणे भागच होते. सकाळी हळद, दुपारी दुकानाचे उद्घाटन, संध्याकाळी कोणाचा तरी वाढदिवस. घरी आल्यावर पेंगुळलेल्या डोळ्यांनी तो छायाचित्रे निवडी. कॅमेऱ्याचे शटर मधूनच अडकू लागले होते. ते दुरुस्त करायला सवड नव्हती आणि पैसेही नव्हते. हळूहळू त्याच्या छायाचित्रांतली माणसे ताठ दिसू लागली. सगळी रांगेत उभी, सगळी कॅमेऱ्याकडे बघणारी. माणूस सैल व्हायला, कॅमेरा विसरायला थोडा अवधी लागतो. तो अवधी सौमित्रजवळ उरलाच नव्हता.

अशातच यमुनाबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे काम आले. ऐंशी वर्षांच्या यमुनाबाई म्हणजे गावातल्या अर्ध्या लोकांच्या मावशी. त्यांचा मुलगा दिनकर घरी येऊन सांगून गेला. सौमित्रने नेहमीचा दर सांगितला. दिनकरने भुवया उंचावल्या. "एवढंच?" असे म्हणून तो आनंदाने परत गेला.

समारंभ छान झाला. अंगण शेणाने सारवले होते, दारात केळीचे खांब होते, नातसुनांनी यमुनाबाईंना निरांजनांनी ओवाळले. जेवणे आटोपली तेव्हा सौमित्र सामान आवरू लागला. ते पाहून दिनकर धावत आला.

"अहो, थोडं थांबता का? मामा यायचेत. आईचा भाऊ. लांबून येतायत, गाडी वाटेत बंद पडली म्हणून उशीर झालाय."

"किती वेळ लागेल?"

"तसं नेमकं नाही सांगता येणार. पण आई सकाळपासून दाराकडं बघत बसलीय. तरुणपणी काहीतरी बिनसलं दोघांचं, तेव्हापासून भेट नाही. आज येतो म्हणालेत."

सौमित्रने घड्याळाकडे पाहिले. पलीकडच्या पेठेत एका दुकानाचे उद्घाटन होते आणि तिथून दोनदा फोन येऊन गेला होता. ते काम सोडले असते तर घरभाडे द्यायला पैसे उरले नसते.

"मला जावं लागेल दिनकरराव," तो ओशाळून म्हणाला. "आपलं तसं जेवणापर्यंतच ठरलं होतं."

खरे तर असे काहीच ठरलेले नव्हते.

तो गेला. त्याने दुकानाच्या नव्या पाटीचे छायाचित्र काढले, फीत कापणाऱ्यांचे काढले, पेढ्यांच्या ताटाचे काढले. इकडे यमुनाबाईंच्या अंगणात एक गाडी थांबली. दोन नातवांच्या आधाराने एक वृद्ध गृहस्थ उतरले. त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. यमुनाबाई उठून पुढे गेल्या, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा त्या वृद्धाने दोन्ही हात पुढे केले आणि बहिणीचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. मग तो म्हणाला, "यमू, तूच." एवढे बोलून त्याने तिच्या खांद्यावर डोके ठेवले. अंगणातले सगळे लोक जागच्या जागी थिजले. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात होता. परंतु त्या क्षणी खिशात हात घालावा हे कोणालाच सुचले नाही. घरच्यांना असे काही सुचत नाही, म्हणून तर बाहेरचा छायाचित्रकार बोलवायचा असतो.

काही दिवसांनी सौमित्र अल्बम घेऊन त्या घरी गेला. यमुनाबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्या एकेक पान सावकाश उलटत गेल्या. प्रत्येक पानावर क्षणभर हात फिरवत. शेवटचे पान आले. ते उलटले तर पुढे पुठ्ठा होता. त्यांनी अल्बम पुन्हा मधूनच उघडून पाहिला.

"बाळा," त्यांनी विचारले, "यात माझा भाऊ कुठंय?"

सौमित्रची मान खाली गेली. दिनकर दारात उभा होता, तो दुसरीकडे बघू लागला. यमुनाबाईंना सगळे ध्यानात आले असावे. अल्बम मिटून त्या म्हणाल्या, "असू दे. तुझीही पोटामागं धावपळ असते. चहा घेऊन जा."

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे वाटून सौमित्र तिथून निघाला तो थेट तळ्याकाठी गेला. पंत ओट्यावर बसले होते. त्याने त्यांना सगळी हकीकत सांगितली. अंगणात काय घडले ते दिनकरच्या बायकोने त्याला जाताना सांगितले होते. तेही त्याने सांगितले.

पंतांनी ऐकून घेतले. त्यांनी उपदेश केला नाही, समजूतही घातली नाही. ते म्हणाले, "सौमित्र, मला माझं एक छायाचित्र काढून हवंय. लोकांची काढण्यात जन्म गेला, माझं स्वतःचं धड एकही नाही. उद्या पहाटे तळ्याच्या घाटावर ये. मागं डोंगर दिसला पाहिजे, आणि पाण्यात त्याची छाया."

"येतो, पंत."

"दर काय घेशील?"

"तुमच्याकडून? पंत, काय बोलताय!"

"उद्या मी गिऱ्हाईक. दर सांग."

पंतांच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. सौमित्र चाचरत म्हणाला, "पाचशे द्या."

पंत आत गेले, पाचशेची नोट आणून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली आणि दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाव धुक्यात पूर्ण बुडाले होते. घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या की धुक्यात, हे सांगता येत नव्हते. पंत स्वच्छ धोतर, काळा कोट आणि टोपी घालून खालच्या पायरीवर बसले होते. त्यांच्यामागे डोंगर नव्हता, तळे नव्हते, काहीच नव्हते. एखाद्या कोऱ्या कागदावर कोणी एकच माणूस काढून ठेवावा, तसे ते दिसत होते.

सौमित्र कॅमेरा घेऊन वरच्या पायरीवर बसला. कुठेतरी पाणकोंबडी ओरडली. दूर कोणीतरी कपडे आपटत होते आणि तो आवाज पाण्यावरून सावकाश वाहत येत होता. सौमित्रला मधूनच वाटे की आपण अजून झोपेतच आहोत, आणि पंत, घाट, हे पांढरे धुके असे सगळे त्या झोपेतले आहे.

मग धुके विरळ होऊ लागले. आधी पाण्याचा एक तुकडा उजळला. त्या तुकड्यात डोंगराचे टोक उलटे उमटले; खरा डोंगर अजून दिसतच नव्हता, त्याची छाया मात्र आधी आली होती. नारळांचे शेंडे केशरी झाले. प्रकाश पाण्यावरून सरकत पायऱ्यांकडे येत होता. आता तो पंतांच्या चेहऱ्यावर पोहोचणार, हे सौमित्रला दिसले. इतका सुंदर प्रकाश त्याने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्याने श्वास रोखून कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि त्याच वेळी पंत उठले. धोतर झटकून ते पायऱ्या चढू लागले.

"पंत! अहो, बसा ना! आत्ताच तर प्रकाश आला!"

"पाचशे रुपये संपले," पंत म्हणाले, आणि त्याच्या बाजूने वर निघून गेले.

सौमित्रला वाटले ते गंमत करताहेत, आता परत फिरतील. पण पंत वरच्या कट्ट्याशी पाठमोरे उभे राहिले. इकडे प्रकाश पायरीवर आला. जिथे पंत बसले होते तो दगड सोन्यासारखा झळाळला, त्याच्यामागे सगळा डोंगर धुक्यातून वर आला, पाण्यात त्याची छाया जराही न हलता पडली. सगळे काही होते. फक्त त्यात माणूस नव्हता. सौमित्र कॅमेरा हातात धरून त्या रिकाम्या पायरीकडे बघत राहिला. थोड्या वेळाने वारा सुटला, छाया मोडली, ऊन पांढरे झाले आणि नेहमीचा दिवस सुरू झाला.

तेव्हा पंत खाली येऊन त्याच्याशेजारी बसले.

"राग आला?"

"आला," सौमित्र म्हणाला. "असा प्रकाश रोज मिळत नाही, पंत. आणखी थोडं बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"हा प्रकाश परत येईल. उद्या नाही तर चार दिवसांनी येईल. यमुनाबाईंचा भाऊ पुन्हा असा पहिल्यांदा भेटेल का?"

सौमित्रचे डोळे भरून आले. पंत आता मऊ आवाजात बोलू लागले.

"ऐक. तुला वाटत होतं, कमी घेतो म्हणजे लोकांवर उपकार करतो. पण जे कमी घेतलंस ते तुला कुठूनतरी भरून काढावंच लागत होतं. ते तू त्यांच्याच वेळातून काढलंस, आणि त्यांना सांगितलं नाहीस. दिनकरला वाटलं त्याला छायाचित्रकार स्वस्त मिळाला. त्याला मिळाला घड्याळाकडं बघणारा माणूस."

"पण पंत, मी नवा आहे. जास्त मागायची माझी योग्यता आहे का?"

"तिथंच तुझं चुकतं. कोणी दर विचारला की तुला वाटतं, तो तुझी योग्यता विचारतोय. म्हणून तू घाबरतोस. त्याला तुझ्या योग्यतेशी काही देणंघेणं नसतं. दर म्हणजे त्याच्या दारी मन लावून थांबता यावं म्हणून लागणारा खर्च. तुझा कॅमेरा झिजतो. घरी बसून छायाचित्रं निवडतोस ते दिवस जातात. पावसाळ्यात मुहूर्त नसतात, तेव्हाही चूल पेटवावी लागते. हे सगळं ज्यात मावतं, तो तुझा दर. नव्यानं नव्यासारखा हिशेब मांडावा, जुन्यासारखा नको. पण मांडावा. नुसत्या भीतीनं आकडा सांगू नये."

सौमित्रने विचारले, "आणि ज्याला तेवढं परवडत नाही त्यानं काय करायचं?"

"त्याच्यासाठी काम लहान कर. छायाचित्रं थोडी दे, अल्बम छोटा कर. मन छोटं करू नकोस. आणि एखाद्याकडून काहीच घेऊ नये असं वाटलं, तर खुशाल भेट दे. पण भेट देतोय हे स्वतःशी कबूल करून दे. मग तिथंही तू घड्याळ बघणार नाहीस."

एवढे बोलून पंत उठले आणि चहा करायला गेले.

त्याच दिवशी सौमित्र यमुनाबाईंकडे गेला. तो म्हणाला, "जेवणापर्यंतच ठरलं होतं असं मी म्हणालो, ते खोटं होतं. मला दुसऱ्या कामाला जायचं होतं." त्याने घेतलेले पैसे पुढे केले. दिनकरने ते घेतले नाहीत. पण त्याचा चेहरा मात्र निवळला. यमुनाबाईंनी सौमित्रला झोपाळ्यावर शेजारी बसवले आणि भाऊ कसा आला, हे त्या सांगू लागल्या. आधी अंगणातली ती भेट सांगितली. मग तिथून त्यांचे मन मागे गेले आणि लहानपणीची नदी, भावाने पेरूच्या झाडावरून टाकलेली उडी, दोघांनी मिळून पाळलेले वासरू असे काय काय त्या बोलत राहिल्या. झोपाळा हळू हळू हलत होता. कडीच्या करकरीत त्यांचा आवाज मिसळून जाई. सौमित्र ऐकत राहिला. गेलेले छायाचित्र परत येणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते.

मग त्याने दर नव्याने मांडला. शांतपणे बसून, एकेक गोष्ट आठवून. जो आकडा आला तो पाहून तो स्वतःच दचकला.

पहिली परीक्षा लवकरच आली. गावातल्या कापडाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने मुलीच्या चार दिवस चालणाऱ्या लग्नासाठी त्याला बोलावणे धाडले. पेढीवर गाद्या घातल्या होत्या. शेठजींनी त्याला आदराने बसवून घेतले, सरबत मागवले.

"बोला, चारही दिवसांचे किती?"

सौमित्रने दर सांगितला. सांगताना त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. परंतु या वेळी मान खाली गेली नाही.

शेठजी हसले. "अहो, गेल्या वर्षी माझ्या पुतण्याकडं तर फारच स्वस्तात केलंत!"

"तेव्हा मी घाईत असायचो, शेठजी."

"आणि आता घाई नसते म्हणून जास्त घेता? हे बरंय!" शेठजींना खरोखरच मौज वाटली. "हे बघा, आमच्याकडं मोठमोठी माणसं येणार. चार लोक तुमचं काम बघतील. नाव होईल तुमचं. त्याची काही किंमत धराल की नाही?"

"नाव झालं तर आनंदच आहे. पण नाव होईपर्यंत मला तुमच्याकडं चार दिवस नीट उभं राहायचंय. तुम्हाला हवं तर फक्त लग्नाचाच दिवस घेतो. त्याचे कमी होतील."

शेठजींनी मान हलवली. सरबत पिऊन झाल्यावर त्यांनी त्याला दारापर्यंत पोहोचवले आणि ते काम दुसऱ्या कोणाला तरी दिले. त्यांच्या मनात काही किल्मिष नव्हते. त्यांना स्वस्त हवे होते, ते इतरत्र मिळाले.

पुढचे दिवस फार रिकामे गेले. फोन वाजेना. सौमित्र सकाळी तळ्यावर जाई, धुके विरेपर्यंत बसे आणि परत येई. मनात शंका येऊ लागल्या. शेवटी तो पंतांकडे गेला.

"पंत, कोणी येईना."

"दर तपासलास?"

"तुम्हीच तर म्हणालात, भीतीनं कमी करू नको."

"भीतीनं करू नको म्हणालो. पण मोहानंही वाढवू नये. मांडताना काय काय धरलंस, सांग बघू."

सौमित्र सांगू लागला. घरभाडे, दुरुस्ती, पावसाळ्याचे महिने, घरी बसून करायचे काम. आणि एक नवी लेन्स. दूरच्या शहरात एका नामांकित छायाचित्रकाराकडे त्याने ती पाहिली होती.

"ती लागते का कामाला?"

सौमित्र हसू दाबत म्हणाला, "लागत नाही. नुसती हवी आहे."

"मग ती आपल्या हौसेनं घे, जमेल तेव्हा. तिचा खर्च रंगनाथच्या घरच्या बारशावर कशाला टाकतोस?"

"कोण रंगनाथ?"

"टेम्पो चालवतो. शेजारच्या आळीत राहतो. त्याला मुलगी झालीय. तुझ्याबद्दल विचारत होता. पण दर ऐकून बिचकला. जा, त्याला भेट."

लेन्स वगळल्यावर आकडा बराच खाली आला. त्या आकड्याकडे बघताना सौमित्रला पहिल्यांदा लाजही वाटली नाही आणि फुशारकीही वाटली नाही. सकाळी घराबाहेर पडताना आज हवा गार आहे की उबदार, हे जसे आपण सहज बोलतो, तसा तो आकडा त्याला बोलता येईल असे वाटले.

रंगनाथच्या घरी तो गेला तेव्हा रंगनाथची बायको शेवंता पाळण्याच्या दोऱ्यांना झेंडूची फुले बांधून पाहत होती. सौमित्रने दर सांगितला. रंगनाथने बायकोकडे पाहिले. बायकोने फुलांकडे पाहिले.

"एवढं नाही जमायचं, साहेब," रंगनाथ म्हणाला. "टेम्पोचा हप्ता आहे."

"साहेब नको, सौमित्र म्हणा. मोठा अल्बम हवाच आहे का तुम्हाला?"

शेवंता म्हणाली, "मला तर एकच फोटो पाहिजे. ती डोळे उघडून माझ्याकडं बघतीय असा. बाकीचे काढतातच की सगळे मोबाइलवर."

"मग मोजकेच काढू. छोटा अल्बम. त्याचे कमी होतील, ते तुम्हाला जमतील. पण तुमचा फोटो मिळेपर्यंत मी थांबेन."

रंगनाथने पुन्हा बायकोकडे पाहिले. या वेळी ती हसली.

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरून गेले. बायकांनी पाळणा म्हटला, आत्याने कानात नाव सांगितले, तिच्या पाठीवर धपाटे बसले, हसण्याचा कल्लोळ झाला. ज्या मुलीसाठी हे सगळे चालले होते ती मात्र शांत झोपलेली होती. नाव ठेवले तेव्हा झोपलेली, ओटी भरली तेव्हा झोपलेली, जेवणाच्या पंगती उठल्या तरी झोपलेली. सौमित्रने मोजकी छायाचित्रे काढली. त्यांतली माणसे सैल होती, एकमेकांकडे बघत होती. एक आजी तर नऊवारीच्या पदराने डोळे टिपता टिपता घुगऱ्या खात होती.

दुपार कलली. पाहुणे पांगले. जे उरले ते जेवणाने सुस्तावले. आत्या भिंतीला टेकून पेंगू लागली. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगे आणि खाली बसे, आणि तो वर गेला की उन्हाचा एक पट्टा फरशीवरून पाळण्याच्या दिशेने थोडा पुढे सरकलेला दिसे. सगळे घरच जणू त्या लहान मुलीच्या झोपेत शिरले होते. शेवंता पाळण्याची दोरी हातात धरून बसली होती. तिचेही डोळे मिटत होते.

सौमित्र कोपऱ्यात मांडी घालून बसला होता. कॅमेरा मांडीवर होता. तो त्या पट्ट्याकडे, त्या पडद्याकडे, आईच्या हातातल्या सैल दोरीकडे बघत होता.

रंगनाथ दबक्या पावलांनी आत आला. त्याला अवघडल्यासारखे झाले होते.

"पोरगी काही उठेना बघा," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्हाला पुढं कुठं जायचं असंल. हवं तर उठवतो तिला."

"नको," सौमित्र तितक्याच हळू म्हणाला. "मला कुठं जायचं नाही. उठू दे तिला, तिची झोप झाली की."

रंगनाथ क्षणभर घुटमळला. मग तोही त्याच्याशेजारी भिंतीला टेकून खाली बसला, आणि दोघे जण हलका हलका होत थांबत चाललेल्या त्या पाळण्याकडे बघत राहिले.